‘दऱ्या’तला पायमोडका ऱ

रिलीजला दोन दिवस उरले असताना तो बग आला, सोबत स्क्रीनशॉट. ‘दऱ्या’मधला ऱ अख्खा उभा, त्याचा पाय मोडलेला, आणि य त्याच्यापासून सुटा. खाली एकच ओळ: ‘अपडेटच्या आधी नीट दिसत होतं.’

मी एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी फॉन्टची पॅकेजं बांधतो. फॉन्टची अक्षरं आम्ही रेखाटत नाही. मोठं कुटुंब, म्हणजे एकाच नावाखालचा अनेक लिप्यांच्या फॉन्टचा संच, आला की लिपीनुसार त्याचे तुकडे करायचे, परवाना तपासायचा आणि कुठल्या भाषेला कुठला फॉन्ट आधी द्यायचा ते फॉन्टकॉन्फिगला, म्हणजे फॉन्ट निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगायचं. हे ज्या फाइलींत लिहितात त्यांच्या नावाच्या सुरुवातीला आकडा असतो. लहान आकड्याची आधी वाचली जाते. नव्या कुटुंबाची फाइल मीच ५९ वर ठेवली होती. जुना देवनागरी फॉन्ट ६५ वर, म्हणजे तो आपोआप मागे पडला.

तपासणीत सगळं हिरवं होतं. असणारच. फॉन्टकॉन्फिग फक्त त्या भाषेची अक्षरं फॉन्टमध्ये आहेत का एवढंच बघतं, ती एकमेकांना कशी जुळतात हे बघतच नाही. ऱ तर फॉन्टमध्ये होता. त्याचं अर्धं रूप, मराठीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, कुणी रेखाटलंच नव्हतं. अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझ या प्रोग्रॅममधून शब्द काढून पाहिला, तर चारच्या जागी पाच ग्लिफ, म्हणजे अक्षराकृती: ऱ आणि त्याचा मोडका पाय वेगवेगळे.

एका सहकाऱ्याचं म्हणणं, ‘वाचता येतंय ना? पुढच्या रिलीजला बघू.’ मला ते अजिबात पटलं नाही. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा फरक त्या एका चंद्रकोरीवर उभा आहे. ती मोडली की वाचणारा अडखळतोच.

फॉन्टमध्ये स्वतः दुरुस्ती करावी, तर परवान्यात नाव राखीव होतं. बदललेला फॉन्ट मूळ नावानं देता येत नाही, आणि नाव बदललं की त्या नावानं फॉन्ट मागणारी सगळी कागदपत्रं बिघडणार. म्हणून फाइल ६६ वर नेली, मूळ कर्त्यांना बग कळवला आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ हे शब्द आमच्या चाचणीत कायमचे घातले.

हे सापडलं, कारण मराठी मला वाचता येते. त्याच कुटुंबातल्या ख्मेर आणि बर्मी फॉन्टच्या फाइली मीच ५९ वर ठेवल्या होत्या. त्यांचीही तपासणी हिरवीच आहे, आणि आमच्यात त्या लिप्या वाचणारं कुणी नाही. रिलीज निघण्याआधी त्या दोन्ही मी ६६ वर नेल्या. जुन्या फॉन्टमध्ये तरी जोडाक्षरं नीट येतात का, ते अजून कुणाला विचारता आलेलं नाही.