काटा हलला!

आज बाबांच्या जुन्या मारुती ८०० ला घरी बनवलेला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर, बसवला. ५५५ टायमर आयसी (ठिणग्यांचे ठोके मीटरसाठी नीट करून देणारी छोटी चिप), नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून आणलेला काट्याचा मीटर आणि ठिणगी तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतलेली एक वायर. तिथे ठिणगीच्या क्षणी शेकडो व्होल्टचा झटका येतो. पहिला आयसी त्यातच गेला. मग रेझिस्टर आणि जास्तीचं व्होल्टेज रोखणारा झेनर डायोड लावला.

तीन सिलिंडर, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या. हिशोब केला तर घरच्या विजेचे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० ठिणग्यांइतके ठोके, म्हणजे बरोबर २००० आरपीएम (मिनिटाला २००० फेऱ्या)! छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून तेच देऊन काटा जुळवला, पेन्सिलने खूण केली.

संध्याकाळी वर्धा रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये काटा सरसर ३००० वर चढला. बाबा शेजारी बसून पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत होते.