स्टँड-अप पॅडल: उभं राहणं तर सोपं निघालं

सुट्टीत आम्ही स्टँड-अप पॅडल शिकलो, म्हणजे मोठ्या बोर्डवर उभं राहून पॅडलने (वल्ह्याने) पाणी मारत फिरायचं. त्याचे फोटो टाकल्यापासून जो तो एकच विचारतोय, काय मग, उभं राहता आलं का? आलं की. पाणी शांत असेल, बोर्ड रुंद असेल आणि शिकवणारा शेजारीच कंबरभर पाण्यात उभा असेल तर बहुतेकांना येतं, त्यात माझं काही विशेष नाही. पण गंमत अशी की अख्ख्या लेसनमध्ये उभं राहायला शिकण्यात गेला जेमतेम थोडासा वेळ, बाकी सगळा वेळ पडायचं कसं, पडल्यावर वर चढायचं कसं आणि वारा कुठून येतोय हे बघायचं कसं यातच गेला. तेव्हा जरा कंटाळा आला होता, कारण समोर ते निळंशार पाणी दिसत असतं आणि आपण वाळूवर उभे राहून लेक्चर ऐकत असतो. आता वाटतं तो शिकवणारा बरोबर होता.

तर वाळूवरूनच सुरुवात. बोर्ड आडवे मांडून ठेवलेले, हवा भरायचे. मला वाटलं होतं हे स्विमिंग पूलमधल्या गाद्यांसारखं लिबलिबीत प्रकरण असणार, पण हाताने ठोकून पाहिलं तर चक्क फळी! आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे असतात, त्यामुळे कितीही हवा भरली तरी बोर्ड फुगून गोल होत नाही, सपाटच राहतो आणि कडक होतो. १२ ते १५ पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरतात. शिकाऊ लोकांना देतात तो बोर्ड साधारण १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड असतो. यातली रुंदी महत्त्वाची. रेसवाल्यांचे बोर्ड १४ फूट लांब आणि २५ इंचांच्या आसपास किंवा त्याहून अरुंद असतात, ते पळतात जोरात पण नवशिक्याला त्यावर उभं करणं म्हणजे छळ आहे. म्हणून कुणी भाड्याने बोर्ड देत असेल तर आधी रुंदी बघा, रंग नंतर.

नवऱ्याला वेगळीच काळजी. मला हळूच विचारतो, ‘अगं, हे माझं वजन घेईल ना?’ शिकवणाऱ्याच्या कानावर गेलंच ते. असा बोर्ड साधारण ३०० लिटरचा असतो आणि एक लिटर पाणी बाजूला सरलं की साधारण एक किलो वजन पेललं जातं, म्हणजे आम्ही दोघं मिळून चढलो असतो तरी बुडला नसता. साहेब एकदम खूश.

मग पॅडल. पॅडलची उंची आपल्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच जास्त ठेवायची, नाहीतर सोपा उपाय म्हणजे पॅडल शेजारी उभं करून हात सरळ वर करायचा आणि मूठ मनगटापाशी येतेय का बघायचं. आता खरी मजा, पॅडलचं पातं दांड्याशी जरा वाकडं असतं आणि अर्ध्या लोकांनी ते उलटं धरलेलं असतं! चमच्याने ओढतो तसं पाणी ओढायचं असणार असं मनात बसलेलं असतं, म्हणून वाक आपल्याकडे करून धरतात. पातं पुढच्या दिशेला, बोर्डच्या नाकाकडे झुकलेलं हवं. म्हणजे आपण पुढे हात टाकून पाणी पकडतो आणि मागे ओढत आणतो तेव्हा जोर लावायच्या वेळी पातं उभं राहतं, उलटं धरलं तर पाणी मागे जायच्या ऐवजी वर उचललं जातं आणि खांदे भरून येतात पण बोर्ड काही हलत नाही. किनाऱ्यावर बसून बघा कधी, पाण्यातली निम्मी मंडळी उलटं पॅडल घेऊन मनापासून मेहनत करत असतात.

पाण्यात शिरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवरून घासत घासत चालायचं. उथळ उबदार पाण्यात वाळूखाली पाकट (स्टिंगरे, चपटा मासा) दबून बसलेला असू शकतो आणि त्याच्या अंगावर पाय पडला तर तो शेपटीचा काटा मारतो, पण पाय घासत गेलो तर त्याला आधीच कळतं आणि तो निघून जातो. हे ऐकल्यावर आमच्या बॅचमधला प्रत्येकजण असा काही पाय घासत चालला की बघणाऱ्याला वाटावं सगळ्यांच्या एकदमच पायाला काहीतरी झालंय.

गुडघाभर पाण्याच्या थोडं पुढे गेल्यावरच बोर्डवर चढायचं, कारण बोर्डखाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी असते, ती वाळूत किंवा प्रवाळात अडकली तर बोर्ड गचकन थांबतो आणि आपण मात्र पुढे जातो. बोर्डच्या मधोमध उचलायला हँडल असतं, साधारण तिथे बोर्डचा तोल असतो. आधी हँडलच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसायचं आणि तसंच पॅडल मारत थोडं फिरून यायचं. मग पॅडल समोर आडवं ठेवून त्यावर दोन्ही हात टेकवायचे, जिथे गुडघे होते तिथे एक एक करून पाऊल आणायचं आणि उठायचं. पावलं समांतर, खांद्याएवढं अंतर, गुडघे सैल. सर्फिंगचे व्हिडिओ बघून आलेले लोक तिरके उभे राहतात, ते इथे चालत नाही, सपाट पाण्यात तसं उभं राहिलं की बोर्ड डावीकडे-उजवीकडे डुलायला लागतो आणि तो सावरायला आपल्याकडे दोन बाजूंना दोन पाय उरतच नाहीत.

आणि नजर क्षितिजावर. हे वाक्य तो इतक्या वेळा ओरडला की अजून कानात वाजतंय. तोल सांभाळायला आपण तीन ठिकाणांहून माहिती घेत असतो, डोळे, आतला कान आणि पाय-घोट्यांमधून येणारी जाणीव. खाली बघितलं की डोळ्यांना फक्त हलणारं पाणी दिसतं, कान म्हणतो तू एवढी हललेली नाहीस, डोळे म्हणतात सगळंच हलतंय, आणि या भांडणात आपण धपकन पाण्यात. क्षितिज हलत नाही. तिकडे बघितलं की डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. पाय मात्र थरथरतात, अगदी लटलट, कारण घोट्याभोवतीचे स्नायू सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात. ती थरथर भीतीचीच असते असं नाही, काम चालू असल्याची पण असते.

दुसरी गोष्ट म्हणजे उभं राहिल्याबरोबर पॅडल मारायला लागायचं. सायकलसारखंच आहे, चालती असली की सरळ राहते. शिवाय पाण्यात रुतलेलं पातं हा तिसरा पाय असतो. नवीन माणूस उभा राहतो, खूश होतो, पॅडल हवेत धरून फोटोसाठी हसतो आणि तिथेच पडतो. फोटोत छान येतं ते.

बरं, उभं राहायची ही कल्पना आली कुठून? हवाईतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यात सर्फिंग शिकवणारे बीच बॉइज होते, त्यांच्यातले काहीजण मोठ्या बोर्डवर उभे राहून कनूचं (लांबट, अरुंद होडीचं) पॅडल मारत फिरायचे, कारण उंचावरून शिकणाऱ्यांवर लक्ष ठेवता यायचं, येणाऱ्या लाटा आधी दिसायच्या आणि कॅमेरा कोरडा ठेवून गिऱ्हाइकांचे फोटोही काढता यायचे. पुढे हवाईच्याच माउई बेटावरच्या लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या नावाजलेल्या सर्फर मंडळींनी हा प्रकार परत उचलून धरला आणि २००० नंतर तो जगभर पसरला. आता तो इतका मोठा झालाय की ऑलिंपिकच्या पातळीवर हा खेळ कुणाचा, सर्फिंगवाल्यांचा की कनूवाल्यांचा, असं भांडण थेट क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये निकाल सर्फिंगवाल्यांच्या बाजूने लागला. मला यातली बीच बॉइजची गोष्टच जास्त पटते, उभं राहायचं ते दिसावं म्हणून. कारण खरंच, बसून काहीच दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग चकाकत असतो. उभं राहिलं की चकाकी कमी होते आणि खालचे मासे, प्रवाळांचे काळपट ठिपके, वाळूवरच्या रेषा असं सगळं एकदम उघडतं. अर्थात ते बघायला मान खाली घातली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

आता पडणं. तोल गेला की हात फिरवत वाचायचा प्रयत्न करायचाच नाही, कारण त्या धडपडीत माणूस बोर्डवरच आपटतो आणि लागतं ते बोर्डमुळे, पाण्यामुळे नाही. बोर्डपासून लांब, बाजूला, अंग पसरून पडायचं. उडी नाही, सूर तर अजिबात नाही, खाली किती पाणी आहे ते माहीत नसतं. वर आलं की आधी बोर्ड पकडायचा, मग पॅडल. पॅडल तरंगतं, ते कुठे जात नाही लगेच. चढताना मध्ये हँडलपाशी बाजूने धरायचं आणि हातांच्या जोरावर वर ओढून घ्यायचं नाही (सगळे हेच करतात, बोर्ड उलटतो), आधी पाय मागे पाण्याच्या वरच्या थरात आणायचे, जोरात लाथा मारायच्या आणि पोटावर सरकत बोर्डवर यायचं. शिकवणाऱ्याने आम्हाला मुद्दाम उड्या टाकायला लावून हे परत परत करून घेतलं, आणि एकदा ते जमलं की भीती निम्म्याहून कमी होते, कारण पडण्याचा शेवट कसा होतो ते माहीत झालेलं असतं.

पण सगळ्यात जास्त तो बोलला ते वाऱ्यावर. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, मार्क मिळाले, विसरले. तेच इथे पुढ्यात. सकाळी जमीन अजून तापलेली नसते म्हणून पाणी आरशागत, मग ऊन चढतं, जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो, दुपारी पाणी खडबडीत होतं. म्हणून शिकाऊ लेसन सकाळी लवकर असतात, सूर्योदयाच्या फोटोंसाठी नाही.

आणि त्याहून धोक्याचा वारा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. तो फसवतो, कारण किनाऱ्याजवळ त्याच्यामुळे लाटा उठतच नाहीत, झाडं-इमारतींच्या आडोशाला पाणी अगदी गुळगुळीत दिसतं आणि माणूस म्हणतो वा काय मस्त. जरा पुढे गेलं की आडोसा संपतो, वारा पाठीला लागतो, आपण विशेष पॅडल न मारता सुसाट निघतो आणि वाटतं आपल्याला जमलं! परत फिरल्यावर कळतं. उभ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला वारा लागतो, त्यामुळे जरा जोराचा वारा सुद्धा नवशिक्याला जागचा हलू देत नाही. अशा वेळी आधी गुडघ्यांवर बसायचं, तरी नाही जमलं तर पोटावर झोपून हातांनी पाणी मारायचं. बोर्ड सोडून पोहत यायचा विचार कधीच नाही, कारण बोर्ड हीच आपली सगळ्यात मोठी तरंगणारी वस्तू आहे आणि शोधणाऱ्यांना पाण्यातल्या डोक्यापेक्षा तो लवकर दिसतो. तसंच, निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा मदतीला असतो.

याच कारणाने लीश, म्हणजे बोर्डला आणि घोट्याला बांधलेली दोरी. ती नसेल तर आपण पडतो आणि वारा बोर्ड घेऊन जातो, पोहून गाठता येईलच असं नाही. लाइफ जॅकेटवर आमच्यातल्या एकाने तोंड वाकडं केलं, मला पोहता येतं म्हणून. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने तर २००८ मध्येच ठरवून टाकलंय की सर्फिंगची किंवा पोहण्याची जागा सोडून बाहेर गेलं की हा बोर्ड म्हणजे होडीच, आणि होडी म्हटलं की लाइफ जॅकेट आलं. मला हे शंभर टक्के पटतं. नुसता बोर्ड हातात देऊन मजा करा म्हणणारे लोक पण किनाऱ्यावर दिसतात, लीश मागितली की हसतात. तिथून निघायचं सरळ.

वळण्याचं थोडक्यात सांगते. उजवीकडे पॅडल मारलं की बोर्ड डावीकडे वळतो आणि डावीकडे मारलं की उजवीकडे, म्हणून काही स्ट्रोक झाले की बाजू बदलायची आणि बदलताना हातांच्या जागाही बदलायच्या, वरचा हात कायम मुठीवर. मोठं वळण हवं तर पुढून मागे रुंद अर्धगोल काढायचा. पातं पावलांपाशी आलं की बाहेर काढायचं, त्याच्या मागे ओढत नेलं तर फक्त बोर्ड वळतो. आणि जोर दंडातून नाही, कमरेतून आणि पोटातून, हे मला डोक्यात कळलं पण अंगात अजून उतरलेलं नाही.

उन्हाचं काय ते बघा मात्र, वरून ऊन आणि खालून पाण्याची तिरीप. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) घाला, क्रीम कमी फासावं लागतं आणि पाण्यात कमी जातं. हवाईमध्ये तर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली सनस्क्रीन २०२१ पासून विकायलाच बंदी आहे, प्रवाळांसाठी. झिंक ऑक्साइडवालं लावा, चेहरा पांढराफटक दिसतो, दिसू दे. आणि पोटऱ्यांचा मागचा भाग विसरू नका, पाण्यात सगळा वेळ पाठ एकाच दिशेला असते.

दुसऱ्या दिवशी माझे दंड ठीक होते, तळपाय दुखत होते! बोटांनी बोर्ड घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न आपण नकळत करत असतो म्हणे. नवऱ्याचं मात्र आता नदीत करूया चालू झालंय. त्याला सांगितलंय की वाहत्या पाण्यात घोट्याची लीश चालत नाही, फांदीत-दगडात अडकली तर पाण्याच्या जोराने वाकून सोडवता येत नाही, तिथे कमरेला बांधायची आणि एका झटक्यात सुटणारी लीश लागते. ती देणारा आणि शिकवणारा माणूस आधी शोध म्हटलं, मग बघू.