सात मुलांची आई, नोंदींत पाचांची

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला मात्र गेले काही महिने त्यांच्या आईवडिलांनीच गुंतवून ठेवले आहे. मिल्टन राइट आणि सुझन कर्नर या दांपत्याचा इंडियाना, आयोवा आणि ओहायो या अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील राज्यांतला संसार केवळ सरकारी आणि चर्चच्या कागदांवरून कितपत उभा राहतो, हे मला पाहायचे होते. याच घराण्याची निवड करण्याचे कारण व्यवहारी आहे. मिल्टन यांची दैनंदिनी १८५७ पासून थेट १९१७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत पोहोचते. त्यामुळे नोंदींवरून बांधलेला तर्क फसला, तर तो फसला असे सांगणारा साक्षीदार घरातच बसलेला आहे.

मिल्टन यांचा जन्म १८२८ चा, इंडियानातील रश काउंटीमधला (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा). तरीही १८४० च्या जनगणनेत त्यांचे नाव शोधण्यात अर्थ नाही, कारण तोपर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीच्या माणसांचे वयोगटांनुसार आकडे मांडीत. अकरा वर्षांचा मिल्टन म्हणजे वडिलांच्या नावापुढील ‘दहा ते पंधरा’ या रकान्यातला एक आकडा. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले. गुलामांची मात्र नावे नव्हेत, तर वय आणि लिंग यांचीच वेगळी यादी होत असे. कुटुंबप्रमुखाशी नाते कोणते, हे विचारायला मात्र १८८० साल उजाडावे लागले. त्यामुळे मधल्या तीन जनगणनांत पुरुषाच्या खाली लिहिलेली बाई पत्नी आहे, बहीण आहे की वहिनी, हे कागद सांगत नाही. नवशिक्याने केलेल्या वंशावळींतल्या निम्म्या चुका इथेच जन्माला येतात, असे माझे मत झाले आहे.

विवाहाच्या नोंदी काउंटीच्या कारकुनाकडे असत. मिल्टन आणि सुझन यांचे लग्न नोव्हेंबर १८५९ मधले. सुझनचा जन्म १८३१ चा, व्हर्जिनियातला. वडील जर्मनीहून आलेले, गाड्या बांधणारे कारागीर. अशा आडनावाच्या बाबतीत कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले तेच कागदावर उतरे, म्हणून शोधताना स्पेलिंगची तीनचार रूपे हाताशी ठेवावी लागतात. पुढे मुलांच्या जन्मांपाशी गाडी अडते. रूश्लिन, लॉरिन आणि विल्बर हे तिघे १८६१ ते १८६७ या काळात इंडियानात जन्मले, आणि तेथे जन्म-मृत्यूची शासकीय नोंदणी सुरू झाली ती १८८२ मध्ये. मिल्टन ‘युनायटेड ब्रेदरन’ पंथाचे फिरते धर्मोपदेशक असल्याने बिऱ्हाडही सारखे हलत राही. वार्षिक परिषदेत कोणाची नेमणूक कोणत्या मंडलात, म्हणजे फिरतीच्या भागात, झाली, याची चर्चची यादी अशा वेळी जनगणनेपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

१८६९ मध्ये मिल्टन पंथाच्या साप्ताहिकाचे संपादक झाले आणि कुटुंब ओहायोतील डेटन येथे आले. पुढच्याच वर्षी ओटिस आणि आयडा ही जुळी भावंडे जन्मली आणि अगदी तान्हेपणीच गेली. मला सर्वांत जास्त वेळ लावला तो या दोघांनी. १८७० च्या जनगणनेची संदर्भ तारीख होती १ जून. त्या दिवशी जी माणसे हयात, तेवढ्यांचीच नावे लिहायची. ही बाळे त्याआधीच गेलेली असल्यामुळे दोन जनगणनांच्या मधल्या फटीतून ती निसटली. त्यांच्यासारख्यांसाठी दोनच दारे उरतात. एक म्हणजे जनगणनेसोबत भरली जाणारी मृत्यूंची स्वतंत्र यादी. तीत १ जून १८६९ ते ३१ मे १८७० या वर्षात मरण पावलेल्यांची नावे, वय आणि मृत्यूचे कारण येणे अपेक्षित होते. दुसरे दार म्हणजे प्रोबेट न्यायालयाची, म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसा पाहणाऱ्या न्यायालयाची वही. ओहायोत १८६७ पासून जन्म आणि मृत्यू तेथे नोंदवण्याचा कायदा होता, पण तो सर्रास पाळला जात नसे. (याच डेटनमध्ये पुढे ऑर्व्हिल १९ ऑगस्ट १८७१ रोजी आणि कॅथरिन १९ ऑगस्ट १८७४ रोजी जन्मली. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. पण मला त्या आधी एखाद्या वहीत सापडल्या असत्या, तर मी कारकुनाची डुलकी समजून एक खोडून टाकली असती.)

१८७७ मध्ये मिल्टन बिशप झाले, १८७८ मध्ये कुटुंब आयोवातील सीडर रॅपिड्सला गेले, १८८१ मध्ये इंडियानातील रिचमंडला आणि १८८४ मध्ये पुन्हा डेटनला. दर दहा वर्षांनी होणाऱ्या गणनेला यातला आयोवाचा मुक्काम तेवढा दिसतो. १८९० ची कागदपत्रे वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ च्या आगीत आणि ती विझवताना ओतलेल्या पाण्यात खराब झाली, उरलेली बहुतेक नंतर सरकारनेच नष्ट केली; त्यामुळे १८८० नंतर एकदम १९०० च्याच कागदांवर उडी घ्यावी लागते. रिचमंडची तीन वर्षे शोधायची तर शहर-निर्देशिका (रहिवाशांची नावे-पत्ते देणारी छापील पुस्तके) आणि चर्चचे कागद यांचाच आधार.

या वीस वर्षांच्या खिंडारातच, ४ जुलै १८८९ रोजी, सुझन क्षयाने गेली. १८९० आणि १९०० या दोन्ही जनगणनांत स्त्रियांना एक नवा प्रश्न होता: तुम्हाला एकूण किती मुले झाली आणि त्यांपैकी किती हयात आहेत? सुझन आणखी वर्षभर जगली असती, तर ‘सात’ आणि ‘पाच’ हे दोन आकडे कागदावर आले असते, मग तो कागद पुढे भले पाण्यात गेला असता. १९०० मध्ये प्रगणकासाठी मिल्टन केवळ विधुर होते, आणि तो रकाना पुरुषांसाठी नव्हता.