स्वस्तातल्या फ्लुगलहॉर्नला माउथपीस: आधी शँक, मग कप

ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाला कधी ना कधी फ्लुगलहॉर्न खुणावतोच. नळीची लांबी जवळपास तीच, बोटंही तीच, पण आवाज मऊ, गोल आणि अंगावर शाल घेतल्यासारखा. मीही बरीच वर्षं टाळून शेवटी तीस हजारांच्या आतला, तीन व्हॉल्व्हचा, चिनी बनावटीचा एक फ्लुगल घेतला. नामांकित कंपनीचा घ्यायचा तर याच्या कित्येक पट पैसे लागतात, आणि नोकरी सांभाळून वाजवणाऱ्याला तेवढे कुठून परवडायचे? वाद्य बरं आहे. व्हॉल्व्ह सरळ चालतात, सोल्डर केलेल्या जागा स्वच्छ आहेत, गळती नाही. ही नोंद त्या वाद्याला माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा तुकडा, कसा मिळवला त्याची आहे. ज्यांच्याकडे असाच हॉर्न आहे त्यांचं डोकं आणि खिसा दोन्ही थोडे वाचावेत एवढ्यासाठी लिहितोय.

जूनअखेर

वाद्यासोबत आलेला माउथपीस पाइपमध्ये बसतो, पण हलतो. बोटाने रिम, म्हणजे ओठ टेकतात ती कड, डावीउजवीकडे ढकलली तर सूक्ष्म टकटक जाणवते. मधल्या सप्तकात ठीक चाललं होतं, पण स्टाफच्या डोक्यावरचा जी चढा येत होता, ट्यूनरवर वीस सेंटच्या आसपास (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ‘स्वस्त वाद्य, आणखी काय होणार’ असं म्हणून सोडून देणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. बेल आणि पाइप एकदा ठोकून झाले की आपल्या हातात एकच मोठी गोष्ट उरते, ती म्हणजे माउथपीस. ती नीट लावून पाहिल्याशिवाय वाद्याला दोष देणं अन्यायाचं आहे.

ट्रम्पेटवाल्यांनी इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ट्रम्पेटच्या माउथपीसची शँक, म्हणजे पाइपमध्ये जाणारी दांडी, साधारण एकाच वळणाची असते, त्यामुळे कुठलाही कुठेही बसतो. फ्लुगलमध्ये तसं नाही. शँकची तीन घराणी आहेत. एक मोठा मोर्स, ज्याला बरेच जण बाख कंपनीच्या नावाने बाख टेपर (टेपर म्हणजे उतार) म्हणतात. दुसरा छोटा मोर्स. तिसरा फ्रेंच, कूएनों या जुन्या फ्रेंच कंपनीच्या वाद्यांचा. 1960 च्या दशकात अमेरिकेतले बरेच जाझवाले हीच वाद्यं वाजवत, म्हणून तो टेपर आजही माउथपीसच्या यादीत टिकून आहे. दोन्ही मोर्सचा उतार जवळपास सारखाच, म्हणजे साधारण 20 मिलिमीटर लांबीला जाडी 1 मिलिमीटरने कमी होते. फरक असतो तो जाडीत. फ्रेंच शँक मात्र बरीच सरळ, जवळजवळ समांतर नळीसारखी.

हा 20 ला 1 चा हिशेब डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. शँक 0.1 मिलिमीटरने जाड असेल तर माउथपीस 2 मिलिमीटर बाहेर राहतो. 0.5 ने जाड असेल तर 10 मिलिमीटर. डोळ्याला न दिसणारा फरक पाइपच्या तोंडाशी पट्टीने मोजता येतो.

स्वस्तातल्या हॉर्नवर कुठला टेपर आहे हे दुकानदार बहुधा सांगू शकत नाही, आणि कागदावर लिहिलेलं असेलच असंही नाही. मग स्वतः बघायचं. व्हाइटबोर्डचा मार्कर घेऊन शँकवर लांबीच्या दिशेने चारी बाजूंनी रेघा ओढायच्या, माउथपीस हलक्या हाताने पाइपमध्ये घालून पाव वळण फिरवायचा आणि काढून बघायचं. रेघा सगळ्या लांबीत सारख्या पुसल्या तर उतार जुळला. फक्त टोकाशी पुसल्या तर शँक पाइपपेक्षा सरळ आहे, आतलं टोक अडकतंय आणि तोंडाशी जागा मोकळी आहे. फक्त पाइपच्या तोंडाशी पुसल्या तर उलट: तोंडाशी पकड, आत टोक अधांतरी.

माझ्या सोबतच्या माउथपीसच्या रेघा टोकाशीच पुसल्या गेल्या. म्हणजे शँक फ्रेंच वळणाची आणि पाइप मोर्सचा. कारखान्यात एका खोक्यात पाइप आणि दुसऱ्या खोक्यात माउथपीस असावेत आणि दोघांची गाठ थेट पॅकिंगला पडावी, असा माझा तर्क आहे.

जुलै, दुसरा आठवडा

मिरजेच्या एका ट्रम्पेटवाल्या मित्राने डेनिस विकचा 4एफएल आणून दिला. विक यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवला आणि माउथपीस बनवण्यातही नाव कमावलं. इंग्लंडच्या ब्रास बँडमध्ये फ्लुगलहॉर्न एकच असतो, आणि त्याच्याकडून हवा असतो तो खोल, गडद आवाज. हे माउथपीस त्याच आवाजासाठी घडलेलं. त्यांच्या यादीत एकाच कपाची दोन रूपं दिसतात, एफ आणि एफएल. एल म्हणजे मोठी शँक. मागवताना हे एक अक्षर चुकलं की कप हवा तोच येतो आणि शँक भलतीच.

आवाज पहिल्या सुरातच बदलला. सोबतच्या माउथपीसचा कप, म्हणजे रिमच्या आतला खोलगट भाग, वाटीसारखा, ट्रम्पेटच्या वळणाचा होता. विकचा कप नरसाळ्यासारखा खोल उतरतो. फ्लुगलचा फ्लुगलपणा इथूनच येतो. कपाचं आकारमान वाढलं की माउथपीसचा स्वतःचा नाद खाली येतो आणि आवाजातले वरचे, धारदार स्वरांश कमी होतात. घरी करून बघा: माउथपीसच्या रिमवर तळहात आपटला की ‘पॉक’ असा आवाज येतो, तो खोल कपाचा खालच्या सुरात ऐकू येतो. उथळ कपाने फ्लुगलचे वरचे सूर चढतात, खोल कपाने उतरतात. माझा डोक्यावरचा जी चढा का होता ते इथे कळलं.

कपाच्या तळाचं भोकही तपासलं. त्यासाठी महागडं गेज लागत नाही, ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू पुरते. बाखच्या ट्रम्पेट माउथपीसचं नेहमीचं भोक 27 नंबरच्या ड्रिलचं, म्हणजे 3.66 मिलिमीटर. त्यात साडेतीनचा बिट जातो, चारचा नाही. सोबतच्या माउथपीसमध्येही चारचा गेला नाही. विकमध्ये सहज गेला.

पण विक बाहेर राहिला. मार्करच्या रेघा पुसल्या गेल्या त्या सारख्या, म्हणजे उतार बरोबर, पण फक्त सुरुवातीच्या तुकड्यात. माझ्या पाइपचं घर छोट्या मोर्सचं निघालं आणि शँक मोठ्या मोर्सची. टोकाच्या पुढे पाइपमध्ये पोकळी राहत होती. एकूण सूर फारसा उतरला नाही, कारण या लांबीच्या वाद्यात 1 मिलिमीटरला जेमतेम 1 सेंट पडतो, आणि फ्लुगलचा पाइप आतबाहेर सरकवून तेवढं भरून काढता येतं. खरी अडचण वेगळीच. ती पोकळी सगळ्या सुरांना सारखी ओढत नाही, वरच्यांना जास्त ओढते. स्टाफच्या वरचा ए पडायचा आणि हाताला लागायचा नाही. सूर आहे तिथे ओठ टेकतच नव्हते, घसरून पुढेमागे जात होते.

तात्पुरता उपाय उलट्या अडचणीत चालतो, म्हणजे शँक बारीक असेल तेव्हा. वहीच्या साध्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. एक वेढा दिला की व्यास 0.2 ने वाढतो आणि माउथपीस 4 मिलिमीटर बाहेर येतो. नळवाल्यांची टेफ्लॉन टेपही चालते, पण ती दबते, रोज वेगळी बसते. चाचणीपुरतं ठीक. जाड शँक मात्र कागदाने बारीक होत नाही, त्याला लेथच हवा.

जुलैअखेर, उद्यमनगर

कोल्हापुरात राहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे उद्यमनगर. इथे कुठल्याही गल्लीत हात घातला तर लेथवर उभा आयुष्यभराचा कारागीर सापडतो. मित्राच्या माउथपीसला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तेच मॉडेल जुन्यात मिळालं, चांदी थोडी गेलेली पण रिम शाबूत, आणि ते घेऊन एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी माउथपीस हातात घेतलाच नाही. म्हणाले, “आधी नळी दावा. भोक बघितल्याबिगर मी शँकला हात लावत न्हाई.” हॉर्नचा पाइप पुढचा स्क्रू सैल करून निघतो, तो काढून दिला. त्यांनी तोंडाशी व्हर्निअर लावला, मग शँकवर, एक आकडा भिंतीवर खडूने लिहिला आणि विचारलं, “हे किती आत जायला पायजे?” मी आठ मिलिमीटर म्हणालो. “म्हंजे पॉइंट चार काढायचं. बाजूला पॉइंट दोन.” 20 ला 1 चा हिशेब त्यांनी कागद न घेता केला.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. माउथपीस रिमला धरून लेथच्या चकात (पकडीत) बांधता येत नाही, रिमला चट्टा पडला तर सगळं संपलं. त्यांनी आधी लाकडाचा एक तुकडा कपाच्या आकाराला कोरला, त्यावर माउथपीस टेकवला आणि मागून सेंटरचा आधार दिला. लेथची कंपाउंड स्लाइड, म्हणजे हत्यार तिरकं सरकवणारा भाग, 1 अंश 26 मिनिटांवर लावली. 20 ला 1 टेपरचा अर्धा कोन तेवढाच येतो. मग कातरण अगदी केसासारखं. दर फेरीनंतर पाइप शँकवर घालून बघायचं, पुन्हा थोडं. शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा, तोही तेल लावून. काम झाल्यावर त्यांनी पाइप माउथपीसवर दाबून धरला आणि मला हलवायला सांगितलं. हलत नव्हता.

हे करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. शँकच्या टोकाशी भिंत किती उरते ते आधी मोजा. आतून बॅकबोअर, म्हणजे हवेचा मार्ग, रुंद होत येतो, बाहेरून आपण कापतो, आणि भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली तर टोक पहिल्याच पडण्यात चेपतं. दुसरं चांदीचं. शँकवरची चांदी जाते, पितळ उघडं पडतं. तिथे ओठ लागत नाही, म्हणून मी पुन्हा मुलामा दिला नाही. दिला असता तर जाडी परत वाढली असती. रिमची चांदी गेली असेल तर मात्र मुलामा करून घ्या, उघड्या पितळाने कित्येकांच्या ओठांना खाज सुटते. आणि लेथ काढू शकतो, भरू शकत नाही. त्यामुळे टेपरची खात्री नसेल तर मोठी शँक घेणं शहाणपणाचं.

ऑगस्ट

आता रेघा सगळ्या लांबीत पुसल्या जातात. वरचा ए दहा सेंटच्या आत आला आणि मुख्य म्हणजे जागेवर लागतो, त्याला शोधावं लागत नाही. सरकता पाइप अजूनही जवळजवळ पूर्ण आत ठेवता येतो. हे माझ्या मते ट्यूनरवरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. फ्लुगलची नळी बहुतेक ठिकाणी शंकूसारखी रुंद होत जाते. पाइप फार बाहेर ओढला की सुरुवातीलाच एक सरळ, समांतर तुकडा आणि एक पायरी तयार होते, आणि सगळ्या सुरांचं नातं बिघडतं.

तुलना करताना वाद्य गरम करून घ्या. हवा 1 अंशाने तापली की सूर सुमारे 3 सेंट चढतो. पावसाळी सकाळी थंड हॉर्नवर एक माउथपीस आणि दहा मिनिटं फुंकल्यावर दुसरा, अशी तुलना केली तर दुसराच जिंकणार. मी आता आधी मोकळे लांब सूर फुंकतो, मग तीन माउथपीस आळीपाळीने, तोच सी, तोच जी, तोच ए, ट्यूनर पाठमोरा ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि नंतर बघतो. सुई समोर असली की ओठ नकळत सूर दुरुस्त करतात.

रिमबद्दल थोडं. ट्रम्पेटवर मी बाख 3सी वाजवतो, त्याच्या रिमचा आतला व्यास 16.30 मिलिमीटर. 7सी वाजवणाऱ्यांचा 16.20. विकची रिम मला रुंद आणि गोलसर वाटते, ट्रम्पेटवरून लगेच फ्लुगलवर यायचं तर पहिले काही सूर ओठ चाचपडतात. ट्रम्पेटच्याच रिमचा फ्लुगल माउथपीस घ्यावा असं सांगणारे बरेच आहेत, आणि एकाच कार्यक्रमात दोन्ही वाद्यं उचलावी लागणाऱ्यांना तो सल्ला योग्यच आहे. मी फ्लुगल वेगळ्या बैठकीत वाजवतो, त्यामुळे मला वेगळी रिम उपयोगी पडते. ओठ हॉर्न उचलतानाच दुसऱ्या आवाजाची तयारी करतात. नंबर वाचताना मात्र जपून. बाखमध्ये आकडा लहान तसा व्यास मोठा, यामाहामध्ये आकडा मोठा तसा व्यास मोठा. यामाहाचा 11एफ4 आणि बाखचा 3 समोरासमोर ठेवून आकड्यांवरून काहीही ठरवू नका.

खालचा डी आणि सी शार्प अजूनही चढेच आहेत. ते माउथपीसचं काम नाही, पहिला-तिसरा आणि तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळी कमी पडते, त्याला तिसरी स्लाइड बाहेर काढणं हाच उपाय. माझ्या हॉर्नवर त्यासाठी बोटाने स्लाइड सरकवणारा ट्रिगर आहे, पण स्प्रिंग इतकी ताठ की मधेच सूर तुटतो. पुढचं काम तेच आहे. मिस्त्रींना स्प्रिंग दाखवून झाली, ते म्हणाले सायकलवाल्याकडची चालेल का बघू.