एचडीआरची सुरुवात: एक खोली, एक खिडकी, पाच फ्रेम

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरचे अनेक फोटो जोडून एक करणं) म्हटलं की ते भडक फोटो आठवतात. ढग काळेनिळे, भिंतीचा पोपडा न् पोपडा उठून आलेला, आणि सावली औषधालाही नाही. त्या फोटोंमुळेच मी इतके दिवस या वाटेला गेलो नव्हतो. आता गेलोय, आणि माझं मत असं झालंय की बिचाऱ्या सॉफ्टवेअरचा यात दोष थोडाच. अंधाराचा प्रत्येक कोपरा उजळलाच पाहिजे हा आपला हट्ट फोटो बिघडवतो.

सरावासाठी विषय सोपा घेतला: भर दिवसाची खोली, समोर खिडकी, बाहेर झाड. खोलीचं एक्स्पोजर धरलं की खिडकी पांढरीफटक, खिडकीचं धरलं की खुर्चीसकट खोली गडप. इथे एचडीआरला खरंच काम आहे. ढगाळ हवेतल्या निसर्गचित्राला याची गरज पडत नाही, आजच्या सेन्सरची एक नीट घेतलेली रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) तिथे पुरते.

फ्रेम घेताना ट्रायपॉड, रॉ, आयएसओ १००, एफ/८, फोकस मॅन्युअल. बदलायचा तो फक्त शटर. अ‍ॅपर्चर बदललं तर डेप्थ ऑफ फील्डही (किती अंतरापर्यंत चित्र स्पष्ट दिसतं ते) बदलते आणि मग कडा एकमेकींवर बसत नाहीत. मी १/५०० पासून दोन-दोन स्टॉप सोडत गेलो: १/१२५, १/३०, १/८ आणि शेवटी १/२ सेकंद. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये अडीचशे पट फरक पडला. फ्रेम किती घ्यायच्या हे हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा टोनचा आलेख) बघून ठरवावं. सगळ्यात काळ्या फ्रेममध्ये आलेख उजव्या टोकाला चिकटलेला नको, सगळ्यात उजळ फ्रेममध्ये डाव्या टोकापासून चांगला सुटलेला हवा. ही दुसरी अट आपण विसरतो आणि पुढे सावल्या उचलल्यावर त्यात नॉइजची (दाणेदार ठिपक्यांची) रांगोळी दिसते.

जोडणीसाठी ल्युमिनन्स एचडीआर वापरतोय. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. जुन्या लोकांना ते क्यूटीपीएफएसगुई या उच्चारायलाच अवघड नावाने आठवत असेल. फाइली दिल्या की शटरचा वेग ते एक्झिफमधून (फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेल्या नोंदींतून) स्वतः वाचतं. फ्रेम जुळवायला दोन पर्याय येतात. एमटीबी झटपट आहे, पण फक्त आडवं-उभं सरकणं पकडतं. कॅमेरा किंचित फिरला असेल तर ह्युगिनचा (पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पर्याय घ्या, वेळ लागला तरी चालेल.

जोडणीत नेमकं काय होतं ते समजून घेतलं आणि बऱ्याच गोष्टी उलगडल्या. डेबेव्हेक आणि मलिक या संशोधकांनी १९९७ साली मांडलेली रीत थोडक्यात अशी: प्रत्येक पिक्सेलची किंमत त्या फ्रेमच्या शटरवेळेने भागायची, म्हणजे त्या जागी मुळात किती उजेड होता याचा अंदाज मिळतो. मग सगळ्या फ्रेमच्या अंदाजांची सरासरी. पण सरासरीत सगळ्यांना सारखा मान नाही. मधल्या टोनच्या पिक्सेलवर जास्त भरवसा, अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्यावर जवळजवळ शून्य. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने टोनना आधीच वळण (कर्व्ह) दिलेलं असतं, ते आधी उलटं शोधून काढावं लागतं. रॉ सरळ रेषेतच, म्हणजे उजेडाच्या प्रमाणातच असते, त्यामुळे ती भानगड नाही.

तयार झालेली ३२ बिटची प्रतिमा पडद्यावर पहिल्यांदा बघाल तेव्हा हिरमोड होईल. मूळ फ्रेमपेक्षाही वाईट दिसते, कारण साधा मॉनिटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची एवढी मोठी पट्टी एकदम दाखवूच शकत नाही. वरच्या हिस्टोग्रामवरची चौकट सरकवून बघा. खिडकीबाहेरची पानंही आत आहेत आणि कपाटाखालची लाकडाची रेषही. ही प्रतिमा टोन मॅपिंगच्या (ही मोठी पट्टी साध्या पडद्यात बसवण्याच्या) आधीच ईएक्सआर या एचडीआर फाइल प्रकारात साठवा, मग पुन्हा जोडणीपासून सुरुवात करावी लागत नाही.

आता खरी गंमत, टोन मॅपिंग. यादीत डझनभर नावं दिसतात, त्यातली तीन मी धरून ठेवली आहेत. राइनहार्ड ०२ शांत आहे. रंग जागेवर राहतात, पण खिडकी थोडी फिकी पडते. मांट्युक ०६ तपशील भराभर वर काढतं आणि तिथेच हात घसरतो. फत्ताल नाट्यमय, नवख्याला भुरळ घालणारं, आणि लहरी: प्रतिमेचा आकार बदलला की निकालही बदलतो. छोट्या प्रिव्ह्यूवर छान जमलेली सेटिंग पूर्ण आकारात वेगळीच दिसते, तेव्हा अंतिम आकारातच तपासा.

मांट्युकमध्ये कॉन्ट्रास्ट फॅक्टरवर थोडं काम केलं. फोटोतला खिडकीच्या चौकटीचा भाग १०० टक्के झूमवर उघडून ठेवला आणि स्लायडर हळूहळू खाली आणत गेलो. आधी भिंतीचा पोत आला, मग पडद्याच्या चुण्या, आणि मग पडद्यावरच्या करड्या सावल्या मळकट दिसू लागल्या. पांढरा पडदा धुवायला टाकावा असा. त्या मळकटपणाच्या दोन पावलं अलीकडे मी थांबतो. सॅच्युरेशनही तिथेच थोडं उतरवतो, कारण टोन दाबले की रंग आपोआप भडकतात. दुसरी खूण म्हणजे प्रभावळ: चौकटीच्या गडद लाकडाभोवती भिंतीवर उजळ पट्टा दिसला की हात आवरायचा. खुर्चीखालचा काळोख मी मुद्दाम काळाच ठेवला. तो गेला तर खुर्ची हवेत तरंगते.

त्याच पाच फ्रेम एनफ्यूज या दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही दिल्या. ही वाट निराळी आहे. मर्टेन्स, काउत्झ आणि व्हान रीथ या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या एक्स्पोजर फ्यूजनवर ते चालतं. मध्ये ३२ बिटची प्रतिमा नाही, टोन मॅपिंग नाही, शटरवेळही लागत नाही. प्रत्येक फ्रेममधला चांगला उजळलेला, रंगीत भाग उचलून पातळ्यापातळ्यांनी मिसळतं. एनफ्यूजमध्ये मुळात एक्स्पोजरचं वजन १, सॅच्युरेशनचं ०.२ आणि कॉन्ट्रास्टचं ० असतं. तसंच ठेवून चालवलं आणि निकाल डोळ्यांना पटणारा आला, जरासा मऊ, पण वर्तमानपत्र वाचता येईल अशी खोली आणि खरीखुरी खिडकी. आधी फ्रेम जुळवून घ्याव्या लागतात एवढंच. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी हेच आधी करा म्हणेन. टोन मॅपिंगचे स्लायडर नंतर हाताळले तर कुठे थांबायचं याचं एक माप हाताशी असतं.

वारा असेल तर बाहेरची पानं भुतासारखी दुहेरी दिसतात. ही भुतं पुसणारी अँटी-घोस्टिंगची सोय आहे, पण झाडावर त्याने ठिगळं उमटतात. मला सोपं वाटलं ते असं: फ्यूजनचा निकाल खाली, १/१२५ ची फ्रेम वर लेयर म्हणून, आणि मास्कमधून फक्त झाड त्या एका फ्रेममधून घ्यायचं.

एक खुलासा, कारण गोंधळ होतो: फोनच्या आणि मॉनिटरच्या 'एचडीआर डिस्प्ले'साठीचं एडिटिंग हा वेगळा विषय. तिथे पडदाच जास्त उजळ असतो, आपण इथे साध्या पडद्यात सगळं बसवतोय.

सध्या अडलंय ते व्हाइट बॅलन्सवर (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाचा रंग सावरण्यावर). खिडकीजवळची भिंत निळसर, आत दिव्याखालची पिवळी. एकाच फ्रेममध्ये हे खपून जायचं. सावल्या वर आल्यावर दोन्ही रंग समोरासमोर येतात. रॉ फाइली दोन वेगवेगळ्या रंग-तापमानांवर काढून, दोनदा फ्यूज करून मास्कने जोडायचा विचार आहे. कुणी हे केलं असेल तर मास्कची कड कुठे लपवता तेवढं सांगा.