ओटीवर मांडलेली वंशावळ

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावरून आत घुसलं, तेव्हा आम्ही घरातली पाच माणसं माजघराच्या दाराला पाठ लावून बसलो होतो. वारा पडल्यावर मी आगरात गेले. अकरा माड आणि शंभरावर पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. पाटातून चालायलाही वाट नव्हती. रहाटाजवळचा माड विहिरीच्या कठड्यावर कोसळला होता, आणि त्याच्या शेंड्यातली कोवळी शहाळी पाण्यात तरंगत होती. पोफळ लावली की सहा-सात वर्षं वाट पाहायची, माडाचं तर विचारूच नका. ते आगर माझ्या आजोबांनी उभं केलेलं.

पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी सातबारा मागितला, मी दिला. त्यावर नाव आजोबांचं. आजोबा गेले 1974 साली, माझे वडील गेले 1998 साली, आणि सातबारा जिथल्या तिथे. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली होती. आमच्याकडची आगरं गुंठ्यांची, म्हणून पुढे झाडामागे मदत ठरली, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. पण ती द्यायची कुणाला? सातबारावर अनेकांचं सामाईक खातं असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमतीपत्रं लागतात, आणि आमचा एकुलता एक खातेदार 46 वर्षांपूर्वी वारलेला. आमची नावं लागेपर्यंत मदतीचं वाटप उरकून गेलं होतं. कुणाला बोल लावणार? वारस नोंद तीन महिन्यांत करायची असते. आम्ही दोन पिढ्या केली नव्हती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं दिवस खायला उठायचा. सकाळी सातला अंघोळ करून तयार, आणि जायचं कुठे? वादळाच्या त्या वर्षी मी ठरवलं, वारस नोंदीचं हे काम आपणच तडीला न्यायचं.

आधी आजोबांचा मृत्यू दाखला. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवह्या पानपान चाळल्या, नोंदच नव्हती. मग नोंद आढळत नसल्याचा दाखला घेतला आणि न्यायालयात अर्ज केला. त्या वेळी वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद करायला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर हे काम महसुलाकडच्या दंडाधिकाऱ्यांकडे आलं आहे, त्यामुळे आता अशा नोंदी करणाऱ्यांनी आधी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी. दाखला हातात पडला तेव्हा नवीन अडचण: सातबारावर आजोबांचं घरात हाक मारायचं नाव, दाखल्यावर पाळण्यातलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. नुसत्या या कामात पाच महिने गेले.

मग वंशावळ. हे काम मात्र माझ्या हातचं होतं. शाळेतला उरलेला चार्टपेपर ओटीवर अंथरला, चारी कोपऱ्यांवर नारळ ठेवले आणि वर आजोबा लिहून खाली फांद्या काढत गेले. माझे चुलते शेजारी बसून होते. मी आत्यांची नावं लिहायला लागले तशी ते म्हणाले, "मुलींची कशाला? त्या दिल्या घरी गेल्या."

"काका, बापाच्या स्वतःच्या मिळकतीत 1956 पासून कायद्याने मुलगी आणि मुलगा बरोबरीचे वारस आहेत."

"त्या हक्क सांगायला येणार आहेत का?"

"नाही येणार. पण आपण नाव गाळलं तर खोटं लिहिलं असं होईल."

ते उठून आत गेले. मी तीनही आत्यांची नावं ठळक अक्षरात लिहिली. आत्यांना हक्क सोडायचा असेल तर त्यांनी दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. साध्या कागदावरच्या सहीने ते होत नाही, आणि नाव गाळून तर नाहीच नाही. इंदूरच्या आत्याला मी फोन केला. ती 84 वर्षांची. माझं सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "रहाटाजवळचा माड आहे का गं?" मला खोटं बोलवेना. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या माडाखाली बाबा मला पाढे म्हणायला बसवायचे. नाव लाव माझं. कागदावर तरी राहू दे."

पुढचं काम सरळ होतं. तलाठ्याकडे अर्ज, सोबत दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे पत्ते. गाव नमुना 6-क या वारसांच्या नोंदवहीत चौकशी, मग फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद, संबंधितांना नोटिसा, हरकतीसाठी 15 दिवस आणि मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. पहिल्या अर्जापासून नवा सातबारा हाती येईपर्यंत 14 महिने झाले.

हे गावात कळलं, आणि एका संध्याकाळी वरच्या आळीतले एक भाऊ बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. "बाई, तुम्ही मला चौथीला शिकवलंत. आता हे वाचून द्या." डबा उघडला तर कापराचा आणि ओलीचा वास. वाळवीने कडा खाल्लेले कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या, आईचा शाळेचा दाखला. सातबारावर 23 नावं, त्यांतली 14 माणसं हयात नाहीत. त्या रात्री मी झोपले नाही. झोप लागली नाही असं नाही, मला झोपायचंच नव्हतं. त्या 23 माणसांना जोडत बसले होते. निवृत्तीनंतर प्रथमच सकाळ कधी होतेय असं झालं.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ओटीवर चटई अंथरते. माझ्याकडे काय आहे? सुवाच्य अक्षर, एक छोटा प्रिंटर, आणि एकच गोष्ट दहा वेळा न चिडता सांगायची सवय. वकिली मला येत नाही. पण बहुतेकांचं अडतं ते वकिलावाचून नाही. कुठला कागद आधी हे कुणी सांगत नाही, आणि अर्जातली भाषा बघूनच माणूस मागे सरतो. माझे कित्येक पालक असे होते, शाळेत यायचे आणि दाराशीच चप्पल चाचपत उभे राहायचे. तेव्हा मला घाई असायची. आता नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, ती लिहायलाच हवी. दुसऱ्या वर्षी एका घरातल्या धाकट्या भावाने सांगितलेली वंशावळ मी तशीच उतरवून दिली. थोरल्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी त्यात राहून गेली होती. तिने नोटिशीनंतर हरकत घेतली, नोंद तक्रारी झाली म्हणजे वादात अडकली, आणि दोन भावांची बोलाचाल बंद पडली ती अजून बंदच आहे. गणपतीत त्यांच्या घरी दोन आरत्या होतात. मी दोघांकडे जाऊन हात जोडले. त्याने काही जुळलं नाही. पण त्यानंतर मी नियम केला: घरातल्या किमान तीन शाखांची माणसं समोर बसल्याशिवाय, नाहीतर फोनवर असल्याशिवाय, चार्टपेपर उघडायचा नाही. आणि जिथे आधीपासून भांडण आहे तिथे मी लेखणी उचलत नाही. त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवते. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट आमच्याकडच्या दहांतल्या नऊ बायकांना ठाऊक नसते, म्हणून मी ती हळदीकुंकवालासुद्धा सांगते.

2025 च्या एप्रिलमध्ये शासनाने सातबारावर मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची जिवंत सातबारा मोहीम काढली. गावोगाव चावडी वाचन करून, म्हणजे नोंदी गावासमोर वाचून, मयत खातेदारांच्या याद्या केल्या, आणि मग आमची ओटी पुरेना. मे महिना, चाकरमानी गावी आलेले, म्हणजे सह्या घ्यायला याहून चांगला काळ नाही. मी सगळ्यांना तेच सांगते: आंबे खायला आलाच आहात, जाण्याआधी आधार कार्डाची प्रत आणि पत्ता ठेवून जा. नव्या मुंबईत नोकरी करणारा एक मुलगा तेव्हा आजीचं काम घेऊन आला आणि चार दिवस इथेच बसला. ई-हक्क या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचं त्याला झटकन जमतं, मला डोळे बारीक करावे लागतात. आता तो रात्री व्हिडिओ कॉलवर अर्ज भरतो आणि मी इथून कागद वाचून दाखवते.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. इंदूरच्या आत्याला मी आमच्या नव्या सातबाराची प्रत पोस्टाने पाठवली होती. ती गेल्या वर्षी गेली. तिच्या मुलीने परवा फोन केला, आईच्या जागी आता आम्हा भावंडांची नावं लावायची तर काय काय लागेल म्हणून. मी म्हटलं, दाखला आहे ना? तीन महिने झाले असले तरी हरकत नाही, अर्ज होतो. तू वंशावळीचा फोटो काढून पाठव. तो आला, पण त्यात धाकट्या आतेबहिणीचा पत्ता नाही. ती ठाण्याला असते एवढंच कळलंय. येत्या गुरुवारच्या आत तो शोधायचाय.