तुम्ही विचारलंत म्हणून : पुढचा अध्यक्ष बरा आला तर?

काकू, मावशी, शाळेतले मित्र, फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो : "पुढचा अध्यक्ष बरा आला की होईल ना रे तुझं ग्रीन कार्ड?" मी 'बघू' म्हणून विषय बदलतो. आज बदलत नाही.

नाही होणार. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना. एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण 7 टक्क्यांवर ग्रीन कार्डं नाहीत, हे कायद्यातच आहे. ते खोडायचं तर अमेरिकी संसदेनेच. नोकरीवाल्यांसाठी ही अट काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै 2019 मध्ये 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केलं. सिनेटने डिसेंबर 2020 मध्ये वेगळाच मसुदा मंजूर केला. दोन्ही सभागृहांचं जुळलं नाही आणि त्या संसदेची मुदत संपली. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझा नंबर 2014 चा आहे.

अध्यक्षाच्या हातात काय असतं, ते मी गेल्या सप्टेंबरात पाहिलं, 2025 च्या. बाबांच्या वर्षश्राद्धानंतरचा पहिला पितृपक्ष, म्हणून पुण्यात आलो होतो. रविवारी सर्वपित्री. शनिवारी पहाटे साडेपाचला कंपनीच्या वकिलांचा मेल आला : एच-वन-बीवर, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसावर, 1 लाख डॉलर शुल्काचा अध्यक्षांचा जाहीरनामा निघालाय, रविवारी सकाळी साडेनवाच्या आत अमेरिकेत पोचा. आई स्वयंपाकघरात ताट घेऊन वड्यांसाठी उडदाची डाळ निवडत बसली होती. मी सांगितलं. हात न थांबवता ती म्हणाली, "एक दिवस थांबत नाहीत का रे ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिळेल त्या भावाने तिकीट काढून मुंबई गाठली. अमेरिकेत उतरल्यावर फोन चालू केला, तर खुलासा येऊन पडलेला : शुल्क फक्त नव्या अर्जांना, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. तोवर पुण्यात चुलतभाऊ पानावर बसला होता.

हा अधिकार अध्यक्षाने बळकावलेला नाही. ज्यांचं येणं देशहिताला बाधक वाटेल त्यांना रोखायची मुभा 1952 च्या कायद्याने संसदेनेच दिली, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती 5 विरुद्ध 4 मतांनी उचलून धरली. मला ते चूक वाटतं. कायदा करायला वर्षं लागतात आणि माणसं अडवायला एक रात्र पुरते, हे कुठलं राज्य?

पण 2015 मध्ये मी असं म्हणालो नव्हतो. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या माझ्या बायकोला तेव्हा नोकरीची परवानगी मिळाली. संसदेत त्यावर मतदान झालं नव्हतं, प्रशासनाने नियम काढला होता. "संसद हलत नाही, तर कोणीतरी हलायलाच हवं," असं मी मित्रांना ठणकावून सांगत होतो. तेव्हाचा मी लबाड नव्हतो. आठ वर्षं शिकलेली बाई घरात बसलेली मी रोज बघत होतो. आजही तो नियम कुणी रद्द करायला निघालं तर मी विरोधच करीन, मग माझ्या आजच्या बोलण्याचं काहीही होवो.

तिचं नोकरीचं परमिट आता नूतनीकरणाला टाकलंय. अर्ज प्रलंबित असताना आपोआप मिळणारी मुदतवाढ 30 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. तीही नियमानेच.